काकांची साईट आणि माझा ड्रुपल-हट्ट

गेल्या महिन्यात एका शनिवारी काकांचा फोन. "अरे, नवीन पुस्तक साईटवर कसं चढवायचं तेच विसरलो बघ!" काका म्हणजे मित्राचे वडील. छोटंसं प्रकाशन, वर्षाला पाच-सहा पुस्तकं. २०१२ मध्ये त्यांची साईट मीच करून दिली होती, हट्टाने ड्रुपल ७ वापरून. वर्डप्रेस म्हणजे ब्लॉगवाल्यांचं खेळणं, असा तेव्हा माझा तोरा! ड्रुपलमध्ये पुस्तक, लेखक, आवृत्ती असे वेगवेगळे कंटेंट टाईप केले, व्ह्यूज लावून याद्या काढल्या. काय मज्जा आली होती म्हणून सांगू! पण साईट काका चालवणार, मी नाही, हे डोक्यातच आलं नाही.

ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला. पुढे जायचं तर ८ पासून आतला सांगाडाच वेगळा, म्हणजे जवळपास नवीन साईट बांधणंच. मग गुपचूप वर्डप्रेस घेतलं. (डेटाबेस आमच्याच हातात होता, म्हणून जुनं सगळं काढता तरी आलं.)

तिथेही ठेच लागलीच. वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० अक्षरांची मर्यादा, आणि देवनागरीतली प्रत्येक काना-मात्रासुद्धा एन्कोड होऊन नऊ जागा खाते. बावीस चिन्हांत खेळ खलास! पुस्तकांची नावं पत्त्यात मधेच तुटायला लागली. शेवटी स्लग रोमन लिपीत हाताने लिहायचे ठरवले.

काल काकांनी पहिलं पुस्तक स्वतः चढवलं. फोन आला नाही. संध्याकाळी बघतो तर मुखपृष्ठ आडवं!