लेखी द्या

सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल ह्यांच्या क्रेडिट कार्डावर गेलं आणि पाठोपाठ ह्यांची कंपनी बंद पडली. काही महिने 'मिनिमम ड्यू' भरत राहिलो. महिना साडेतीन टक्के व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. मुद्दल जागचं हलेना. तेही भरणं थांबलं, तेव्हा खातं वसुली एजन्सीकडे गेलं.

फोन रात्री नऊलासुद्धा यायचे. "पोलीस घेऊन येतो," ही भाषा. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला, हे ठाऊक असूनही ह्यांचा चेहरा उतरायचा. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनाच फोन गेला, तेव्हा मात्र माझं डोकं सरकलं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येक फोनचा नंबर आणि वेळ टिपली आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. उत्तर त्याआधीच आलं, रात्रीचे फोन थांबले.

मग एक पोरगा दारात. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं. "मॅडम, असं कोणी विचारत नाही," म्हणाला. सॅकमधून चार घड्या पडलेला कागद काढला. त्यावरची मुदत कधीच संपली होती. कराडकडचा होता, कमिशनवर राबणारा. चहा दिला, रोख दिली नाही. पैसे जातील ते थेट कार्डाच्या खात्यात.

"आज भरा, निम्म्यात मिटवतो," असं फोनवर सांगायचे. लेखी द्या म्हटलं, तर पत्रात निम्म्याचे साठ टक्के झाले! सेटलमेंट केली की सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, पुढे कर्ज मिळताना अडतं, म्हणून ह्यांना पूर्ण भरायचं होतं. कशातून? माझी एफडी मोडली आणि तीन हप्त्यांत मिटवलं. आम्हाला कुठे घर घ्यायचंय आता!

नो ड्यूज पत्रासाठी पुन्हा पाठपुरावा. वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिल रिपोर्ट काढला, तर थकबाकी जशीच्या तशी. दुरुस्तीसाठी तक्रार केली आहे. तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते बँकेला किंवा सिबिलला. वहीत तारीख लिहून ठेवली आहे.