भिजलेले काउबॉय

अमेरिकेत ‘काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग’ नावाचा एक खेळ आहे. सुटीच्या दिवशी माणसे रेंजवर जमतात, एकोणिसाव्या शतकातले कपडे घालतात आणि त्याच काळच्या घडणीच्या बंदुकांनी लोखंडी पत्र्यांवर नेम धरतात. दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल, एक शॉटगन. लागलेला वेळ मोजायचा आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाला 5 सेकंद दंड. 1987 मध्ये त्यांची ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ स्थापन झाली. मी या सामन्यांचे व्हिडिओ बघतो. ‘तुमच्या नावाच्या माणसाने मोबाईलवर हे बघू नये,’ असे बायको म्हणते, आणि ती गमतीने म्हणत नाही.

मला ओढ लागली ती नावांमुळे. सभासद होताना प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचे. ते नोंदले गेले की दुसऱ्याला मिळत नाही. उर्दू शिकवणाऱ्याला हे लगेच कळते. तखल्लुस! आपल्याकडे मात्र एकाच तखल्लुसाचे दहा शायर निघतात आणि दाद कुणाला द्यायची हा प्रश्न पडतो.

पण खरी मजा पावसात आहे. टोप्यांच्या कडांवरून पाणी गळते, चामड्याचे पट्टे फुगतात, संरक्षक चष्म्यावर थेंब साचतात, काडतुसांची रिकामी पितळी टरफले चिखलात हरवतात. जुनी काळी दारू वापरणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. दमट, पडलेल्या हवेत धूर हलत नाही. दोन बार काढले की समोरचा पत्रा दिसेनासा होतो. सिनेमातला काउबॉय कोरड्या उन्हात एकटा उभा असतो. खरे काउबॉय गुरे हाकणारे मजूर होते, त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकनही पुष्कळ. तेलकट कापडाचे कोट घालून ते पावसात रात्र रात्र कळपाभोवती फिरत आणि वीज कडाडली की गुरे उधळत. मला तर वाटते, हे हौशी लोक त्यांच्या सर्वांत जवळ जातात ते अशाच वाईट हवेत.

नियम मात्र पावसाला भीक घालत नाहीत. रिव्हॉल्व्हरला 6 घरे असली तरी भरायची 5च. घोड्याखालचे घर रिकामे. ओल्या हातातून भरलेली बंदूक निसटली तर पूर्ण सामन्यातून बाद, रिकामी निसटली तर त्या फेरीतून. आणि पडलेली बंदूक नेमबाजाने स्वतः उचलायची नाही, ती पंच उचलतो. ‘पाऊस होता हो’ ही सबब चालत नाही.

इथे माझ्यातला मास्तर अडखळतो. त्याच देशात शाळेतली मुले बंदूकधारी आला तर बाकाखाली कसे लपायचे याचा सराव करतात. माझ्या वर्गातल्या मुलांकडून मी आग लागली तर काय करायचे एवढाच सराव करून घेतो. शनिवारी इतक्या काटेकोरपणे हत्यार हाताळणारी माणसे आणि ती बाके एकाच देशात आहेत, हे माझ्या मनात एकत्र बसत नाही. एवढे कडक नियम त्या दुकानांच्या गल्ल्यावर का नाहीत, हा प्रश्न मला त्या टोपीवाल्यांना विचारायचा आहे.

सामना संपला तरी काळ्या दारूवाल्यांची सुटका नाही. तिची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड गंजते. म्हणून घरी गेल्यावर, कपडे वाळायच्या आत, ते आधी पाणी गरम करायला ठेवतात आणि नळ्या धुवायला बसतात.