आप्पांची स्टेपनी

"आप्पा, स्टेपनी नव्हे, स्पेअर व्हील म्हणतात त्याला."

सेकंड इयरला असताना, दिवाळीची सुट्टी संपवून परत येताना मी हे वाक्य बोललो. माझे वडील वडापची ट्रॅक्स चालवतात. त्या दिवशी मला, माझ्या रूम पार्टनरला आणि आमच्या मजल्यावरच्या आणखी दोघांना वाठार फाट्यावरून कोडोलीला सोडायला ते आले होते. पारगाव मागं पडलं आणि मागचं चाक बसलं. आप्पांनी उतरून टायरला पाय मारून बघितला आणि म्हणाले, "काढ रं स्टेपनी."

मित्रांसमोर मला कसंसंच झालं. पोरगा मेकॅनिकलला आणि बाप असलं इंग्लिश बोलतोय! म्हणून मी ते वाक्य टाकलं. मित्र फिदीफिदी हसले. आप्पा एवढंच म्हणाले, "बरं. मग तुजं स्पेअर व्हील काढ."

जॅक लावून चाक बसवलं. नट आवळायला त्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी एका कडेनं ओळीनं आवळत सुटलो. आप्पांनी हात धरला. "असं न्हवं. एक हिकडचा, मग त्येच्या समोरचा. न्हाईतर चाक तिरकं बसतंय." हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. हातात मात्र नव्हतं.

पुढच्या सेमला सेमिनारची तयारी करताना लायब्ररीतली जाडजूड इंग्लिश डिक्शनरी चाळत होतो. सहज म्हणून 'स्टेपनी' शोधला. म्हटलं, नसणारच. तर होता!

मग त्याच्या मागंच लागलो. वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे. तिथं स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. चाक सहज निघायचंही नाही. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, पंप मारत बसायचं. १९०४ च्या सुमारास तिथल्या थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी युक्ती काढली. आऱ्या नसलेली एक रिम घ्यायची, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवायचा, आणि पंक्चर झालेल्या चाकालाच ती क्लॅम्पनं आवळून टाकायची. चाक काढायची भानगडच नाही. रस्त्याच्या नावावरून तिला 'स्टेपनी' म्हणू लागले आणि ती देशोदेशी गेली.

पुढं नट सोडून अख्खं चाक बदलता यायला लागलं आणि डेव्हिस बंधूंच्या वस्तूची गरज संपली. इंग्लंडमध्ये शब्दही मागं पडला. आज तिथल्या पोराला स्टेपनी म्हणजे काय विचारलं, तर तो बहुतेक लंडनमधल्या त्याच नावाच्या भागाचा पत्ता सांगेल. आपल्याकडं मात्र ड्रायव्हर, क्लीनर आणि पंक्चरवाल्यांनी तो जपला. जुनी रिम गेली, तिच्या जागी अख्खं चाक आलं, नाव तेच राहिलं. तिकडं ब्राझीलमध्येसुद्धा जादा चाकाचं नाव याच शब्दावरून पडलंय. आणि आपल्या हॉस्टेलवर क्रिकेटच्या टीममधल्या बाराव्या गड्याला आपण काय म्हणतो, ते सांगायला नको!

म्हणजे आप्पांचा शब्द चुकीचा नव्हताच. त्याला तर शंभर वर्षांचा इतिहास होता. मला तो अडाणी वाटला, कारण तो माझ्या बापाच्या तोंडात होता. हे कळल्यावर त्या रात्री जेवण गेलं नाही.

घरी फोन लावला. सगळं सांगितलं. वेल्स, ते दोघं भाऊ, १९०४. शेवटी म्हणालो, "आप्पा, तुमचंच बरोबर होतं. माझं चुकलं."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "आसंल. त्ये ऱ्हाऊ दे. सुट्टीला आलास की स्टेपनीतली हवा बघ. लई दिवस बघितली न्हाई."

फोनवर माफी मागून झाली, ती फक्त आप्पांनी ऐकली. पण ते वाक्य मी तिघा मित्रांसमोर बोललो होतो. ते तिघंही हा अंक वाचतील, म्हणून इथं लिहितोय.

परवा सुट्टीत गेलो, तेव्हा पहिल्यांदा हवाच बघितली. कमी होती.