भीमथडीचं तट्टू बघायला

शनिवारवाड्यासमोर बाजीरावांचा पुतळा बघताना भाच्यानं विचारलं, "मामा, हा घोडा कुठला?" मी ऐटीत "भीमथडीचा" म्हणून मोकळा झालो. खरं तर भीमथडीचं तट्टू मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुणेकराला भीमथडी म्हटलं की थंडीतली जत्रा आठवते, नाहीतर राजा बढ्यांचं महाराष्ट्रगीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मुकाट्यानं स्वारगेटहून एसटी पकडली.

हडपसर, लोणी, यवत करत पाटसला उतरलो. थडी म्हणजे काठ. भीमेकाठच्या या मुलखाचा इंग्रजी अमलात भीमथडी नावाचा तालुकाच होता. दिवाळी नुकतीच सरलेली. रस्त्यापलीकडच्या माळावर धनगरांचा वाडा उतरला होता आणि कडेला पायबंद घातलेली चार घोडी चरत होती.

हीच ती? खांदा जेमतेम माझ्या छातीला, पोट सुटलेलं, आयाळीत कुसळं. पुतळ्यातल्या रुबाबाचा मागमूस नाही.

पुरुष मेंढरं घेऊन पुढे गेलेले. घोडी लादायचं काम बायांचं. एकीनं कुमैत घोडीच्या पाठीवर वाकळेची घडी टाकली, दोन्ही अंगांना सारख्या वजनाची बोचकी सोडली, वर भांडी, त्यावर उलटं बाजलं, बाजल्याला पाय बांधलेल्या कोंबड्या. दोन कोवळी कोकरं पोत्यात गेली, मुंडकी तेवढी बाहेर. दोर आवळून ती क्षणभर थांबली आणि पुन्हा आवळला. म्हणाली, "श्वास धरून ऱ्हातीया लबाड. मग दोर ढिला पडतोय."

इथल्या तट्टांत समुद्रमार्गे आलेल्या अरबी-तुर्की घोड्यांचं रक्त मिसळून दख्खनी घोडा घडला, असं मानतात. मिळेल त्या चाऱ्यावर राहायचं आणि सह्याद्रीचे घाट चढायचे, हा त्याचा गुण. उंच घोडा मिरवणुकीला बरा. गनिमी काव्याला हाच हवा. १७५८ मध्ये मराठी फौज अटकेपर्यंत गेली ती अशा घोड्यांच्या जिवावर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या. आपण पुतळे उभारले, गाणी म्हटली. जात जगवली ती या बिऱ्हाडांनी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली, तीही अगदी अलीकडे.

"जरा बसून बघू का?" मी चाचरत विचारलं.

"न्हाई वो दादा. आमी बी चालतच जातो. तिला ताम्हिणी उतरायचीया."

दोर हातात घेऊन ती चालू लागली. मागून एका ट्रकनं कर्णा वाजवला. घोडी बिचकली, बाजलं कलंडलं, कोंबड्यांनी कलकलाट केला. बाईनं सगळं उतरवून पहिल्यापासून बांधायला घेतलं.

दिवाळीनंतर सोलापूर रस्त्यावर किंवा मुळशीच्या वाटेवर असं लादलेलं घोडं दिसलं, तर हॉर्न वाजवू नका. गाडी कडेला घ्या, आधी त्याला जाऊ द्या.