मोठ्या निधीचा पत्ता

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सामाजिक कामाला कोणी मदत करत नाही, असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये वह्या येतात, दिवाळीत फराळ येतो, थंडीत ब्लँकेटं येतात. उल्हासनगरातल्या सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात मुलांसाठी काही मागायला गेलं तर तो रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. फाळणीत सगळं सोडून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर होताना पाहिलेल्या माणसांची ही पुढची पिढी. आपल्या माणसांना उभं करण्यासाठी पैसे काढून ठेवायचे असतात, हे त्यांना सांगावं लागत नाही.

२०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. त्या आठवड्यात बदलापुरात तांदळाची पोती, चादरी आणि कपडे इतके जमले की ठेवायला जागा पुरेना. त्याच महिन्यात आमच्या शिक्षिकांचा पगार कुठून द्यायचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमचं काम साधं आहे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजूला जीन्सच्या कारखान्यांचं काम घरोघरी जातं. आई धागे कापते, मोठी मुलगी तिच्या हाताखाली बसते आणि सातवी-आठवीत शाळा सुटते. अशा मुलींसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. पुढे अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठच्या वस्तीत वर्ग निघाले. मग बदलापूरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांमध्ये गेलो. तिथे तर दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि शिक्षिकेला मुलांच्या मागे भट्टीवर जावं लागतं. वर्षाचा खर्च १४ लाखांवर पोहोचला आणि दुकानादुकानातून जमणाऱ्या पाच-दहा हजारांवर तो भागेना. मोठा निधी शोधणं भागच होतं.

पहिल्यांदा नजर गेली ती दारातल्या कारखान्यांकडे. अंबरनाथला आनंदनगर आणि मोरिवलीची एमआयडीसी, बदलापूरला माणकिवली. इतके कारखाने असताना पैसे दूर का शोधायचे, असं कोणालाही वाटेल. पण २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम सगळ्या कारखान्यांना लागू होत नाही. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी आकडा गाठणाऱ्या कंपनीलाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते; यालाच सीएसआर म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक कारखाने लहान आहेत. त्यांचे मालक प्रेमाने चहा देतात, एखादं कपाट देतात, आणि तेवढंच देऊ शकतात. जे कारखाने या कायद्यात बसतात त्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत किंवा त्याहून लांब. इथला प्लांट मॅनेजर शिफारस करतो, सही तिकडे होते.

तरी कायद्यात एक वाक्य आपल्या बाजूचं आहे. कंपनीने जिथे तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्या प्रत्येक पत्रात मी ते वाक्य वापरलं. ज्या मुलींना शिकवतोय त्या तुमच्या कारखान्यापासून किती किलोमीटरवर राहतात, तेही लिहिलं.

खरा शोध मात्र पत्रांनी लागला नाही, वाचनाने लागला. सीएसआरसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प कंपनीने आपल्या वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवरही कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात किती खर्च केला ते पाहता येतं. रात्री वर्ग संपल्यावर मी हे वाचत बसे. सीएसआरचा देशातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. पण ‘ठाणे जिल्हा’ अशी नोंद दिसली म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नसतो. ते काम नवी मुंबईतलं असू शकतं, भिवंडीतलंही. म्हणून मी प्रत्येक प्रकल्पाचं नाव बघे, काम कोणत्या संस्थेमार्फत केलं ते बघे, आणि शिक्षणावर सलग काही वर्षं पैसे देणाऱ्या कंपन्या वेगळ्या काढे. एकदाच पैसे देऊन फोटो काढणाऱ्या कंपन्या यादीतून गळत गेल्या. उरलेली यादी लहान होती, पण खरी होती.

मग कागद. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीकडून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आयकराच्या १२ए आणि ८०जीच्या नोंदण्या हव्यात आणि आमच्यासारख्या स्वतंत्र संस्थेच्या कामाला तीन वर्षं झालेली हवीत. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांकही मागतात. पण लहान संस्थांची गाडी अडते ती बहुधा परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्टावर जुनीच नावं राहतात. मोठा देणगीदार त्याचीच ताजी प्रमाणित प्रत मागतो आणि गेलेल्या माणसाचं नाव विश्वस्तांत पाहून फाइल बाजूला ठेवतो. हे काम निधी मागायच्या आधी करायचं असतं.

परदेशी निधीचा रस्ताही पाहून ठेवला होता. परदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि त्या काळात मूळ कामावर निदान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी मिळालेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही. पूर्वी मुंबईच्या मोठ्या संस्थांच्या हातून आमच्यासारख्यांपर्यंत येणारी वाट त्याने बंद झाली. राहिले टाटा ट्रस्ट, अझीम प्रेमजी फाउंडेशन यांच्यासारखे देशातले दाते. ते माणसांच्या पगाराला आणि अनेक वर्षांच्या कामाला पैसे देतात, पण संस्थेचं लेखापरीक्षण, धोरणं, विश्वस्त मंडळाच्या सभांची इतिवृत्तं सगळं नीट वाचतात. वाचायलाच हवं.

शेवटी आमच्या यादीतल्या ज्या कंपनीशी बोलणं जमलं, तिचा एक कारखाना याच भागात आहे. वेबसाइटवरच्या पत्त्यावर पाठवलेल्या मेलला उत्तर आलं नव्हतं. आमच्या वर्गाला दरमहा पाचशे रुपये देणारे बदलापूरचे एक गृहस्थ त्याच कंपनीच्या लेखा विभागात नोकरीला निघाले. त्यांनी सीएसआर पाहणाऱ्या मॅडमशी ओळख करून दिली आणि पुढच्याच आठवड्यात भेट ठरली.

प्रस्तावाचा पहिला कच्चा तक्ता आमच्या कार्यकर्त्यांसमोर ठेवला तेव्हा अंबरनाथच्या वर्गाची शिक्षिका म्हणाली, “ताई, ह्यात वह्या आहेत, चटई आहे, सहल आहे. आम्ही कुठे आहोत?” पगाराची रक्कम ‘इतर’ या सदरात दडवायची, ही आपल्याकडची रूढ रीत आहे, कारण देणाऱ्याला वस्तू आवडते आणि पगार खटकतो. आम्ही तक्ता उलटा केला. सगळ्यांत वर शिक्षिकांचा पगार, मग प्रवास, हिशेबनीस, जागेचं भाडं आणि सगळ्यांत खाली वह्या.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, “ॲडमिनला पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही हो. नियम आहे.” हे वाक्य मी इतर ठिकाणीही ऐकलं होतं. या वेळी सोबत कंपनी व्यवहार मंत्रालयाचं २५ ऑगस्ट २०२१ चं परिपत्रक होतं. त्यात ही शंका प्रश्नोत्तराच्या रूपात सोडवलेली आहे. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोडत नाही, आणि प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तर प्रकल्पाचाच असतो. शिक्षिका म्हणजेच वर्ग. तिला प्रशासन कसं म्हणणार? मॅडमनी परिपत्रक शांतपणे वाचलं, एक प्रत ठेवून घेतली आणि त्यांच्या कायदा विभागाला विचारते म्हणाल्या. त्यांनी खरंच विचारलं. त्या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे.

तीन वर्षांचा करार झाला, पहिल्या वर्षाला ३२ लाख. मागच्या वर्षाच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त. पैसे तीन हप्त्यांत यायचे होते. शेवटचा हप्ता मार्चअखेर नको, डिसेंबरात द्या, अशी अट आम्ही करारातच घालून घेतली. कंपनीचं वर्ष संपताना पैसे घाईने येतात आणि इकडे संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्च झालेले दाखवायचे असतात, नाहीतर पैसे राखून ठेवण्याचा वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. ज्या संस्थेकडे पूर्णवेळ हिशेबनीस नाही, तिला मोठा निधी मिळूनही त्रासच होतो. म्हणून हिशेबनिसाच्या पगारावर आम्ही एक रुपयाही कमी केला नाही.

आता शिक्षिकांचे पगार एक तारखेला बँकेत जमा होतात. पूर्वी चांगली शिकवणारी मुलगी सहा महिन्यांत एखाद्या दुकानात कामाला लागायची, कारण तिथे पैसे वेळेवर मिळायचे. या दोन वर्षांत एकही शिक्षिका पगारासाठी सोडून गेली नाही. कातकरी वाडीतल्या मुलांना वीटभट्टीवरही तीच ओळखीची ताई शिकवायला जाते, आणि भट्टीवरून परतलेली मुलं पुन्हा शाळेत बसतात. वह्या आजही उल्हासनगरचे व्यापारीच देतात.

या तीन शहरांतून रोज हजारो माणसं लोकलने मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत कामाला जातात. लेखा विभागात, कायदा विभागात, सचिवांच्या कार्यालयात बसतात. त्यांच्याकडे माझं मागणं पैशांचं नाही. तुमच्या कंपनीचा सीएसआर कोण पाहतं, त्याची चौकशी करा, आणि तुमच्या शहरात नेटाने काम करणाऱ्या एखाद्या लहान संस्थेशी त्या व्यक्तीची एकदा गाठ घालून द्या. कागद आणि हिशेब आम्ही संस्थांनी तयार ठेवायचे.