उलट्या आट्याची गाडी

नगर जिल्हा पाहायला म्हणून मुद्दाम कोणी निघत नाही. माणसे शिर्डीला जातात, शनिशिंगणापूरला जातात, पावसाळ्यात भंडारदऱ्याला जातात. पण हे सारे एकाच जिल्ह्यात येते, याचा त्यांना पत्ताही नसतो. विस्ताराने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. 2024 साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. बसच्या दारात उभा राहणारा कंडक्टर मात्र ‘नगर, नगर’ असेच ओरडतो, आणि ते जुन्या नावालाही चालते, नव्यालाही.

या जिल्ह्याची एक गंमत प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. ती म्हणजे इथल्या माणसाचे मोटारीशी असलेले नाते. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे-नगर मार्गावर. ‘टेम्पो’ हा शब्द ज्या तीनचाकीने मराठीत रुजवला, ती बनवणारी बजाज टेम्पो कंपनी 1958 साली उभी करणारे नवलमल फिरोदिया नगरच्याच घराण्यातले. घराघरांत पोचलेली लुना 1972 साली आली, तीही फिरोदियांच्या नगरच्या कारखान्यातून. शिवाय लष्कराचे रणगाडादलाचे केंद्र इथेच, आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही इथेच. अशा मुलुखात घरोघर एखादे यंत्र पडून असले आणि एखादा म्हातारा त्याच्याकडे बोट दाखवून ‘चालू होईल ती’ म्हणत असला, तर नवल करू नये.

आमच्या घरी तशीच एक गाडी होती. फार्गो कंपनीची 1951 सालची पिकअप. गावात तिला ‘फारगू’ म्हणत. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि फार्गो या जुळ्या बहिणी. अंगकाठी एक, कपाळावरचे नाव तेवढे निराळे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांची जोडणी होई. आजोबांनी ही गाडी जुनीच घेतली होती. आमचे गाव राहुरी तालुक्यात, प्रवरेच्या पाटाखालचे. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पाटाला पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून मोटारी आल्या. फारगूने गुळाच्या ढेपा नगरच्या पेठेत नेल्या, उसाचे बेणे आणले, मढीच्या जत्रेला माणसे नेली, आणि दोन-तीनदा अडलेली बाळंतीणही वेळेवर दवाखान्यात पोचवली.

मग 1973 साली अरबांनी तेलाचे भाव चढवले. पेट्रोलवर चालणारी मालगाडी पोसणे म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखे झाले. पुष्कळांनी पेट्रोलची इंजिने उतरवून डिझेलची चढवली. आजोबा म्हणाले, “दुसऱ्याचं काळीज घालून ती आपली राहायची नाही.” 1974 साली त्यांनी गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत लावली, चारी चाकांखाली दगड दिले आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. ती तिथेच पन्नास वर्षे राहिली.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते याच गाडीवर मोटार शिकले. गाडी उभी राहिली तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. पडवीची जागा वाटणीत चुलत्यांकडे गेली आणि गाडी हलवण्याची वेळ आली. भंगारवाला आला, हौद्यावर टिचकी मारून पत्रा किती जाड आहे ते पाहून गेला, आणि किलोवर भाव सांगून गेला. आण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, “किलोवर गूळ विकतात.” एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत कडब्याच्या पेंढ्या उतरवीत होते.

पहिला पेच चाकांचा. तालुक्याच्या गॅरेजमधून एक तरुण मिस्त्री बोलावला. पोरगा हुशार, हाताचा चपळ. उजव्या बाजूचे नट त्याने रॉकेल टाकून, हातोडी मारून अर्ध्या तासात काढले. डाव्या बाजूचे हलेनात. पान्याला पाइप लावला, पाइपवर उभा राहिला, तरी नट ढिम्म. आता तो गॅस कटर मागवणार, एवढ्यात आण्णा काठी टेकत उठले आणि म्हणाले, “उलटा फिरव, बाबा. डाव्या चाकाचा आटा उलटा राहतो हिचा.”

पोराला ती थट्टा वाटली. पण क्रायस्लरच्या गाड्यांची त्या काळची रीतच ही होती. धावताना डाव्या चाकाचे नट फिरण्याने सैल होऊ नयेत, म्हणून त्या बाजूचे आटे उलटे पाडत. नट उलटा फिरवला आणि पन्नास वर्षांचा गंज कुरकुरत सुटला. पोराने आण्णांच्या पाया पडायचेच बाकी ठेवले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक उलटा क्रम सुरू झाला. आण्णा सांगत आणि आम्ही करीत. बॅटरी जोडताना त्यांनी पुन्हा थांबवले. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक चेसीला जोडतात. या गाडीत धन टोक चेसीला जाते, आणि बॅटरीही सहा व्होल्टची लागते. स्टार्टर किल्लीवर नाही, तो पायाने दाबायचा. इंजिन सहा सिलिंडरांचे, झडपा बाजूला. वरचे हेड म्हणजे पातेल्यावर ठेवलेली ताटली. पण पिस्टन जाम बसलेले. आण्णा रोज सकाळी चहाच्या आधी प्लगच्या भोकांतून थोडे रॉकेल आणि थोडे ऑइल सोडीत. आम्ही घाई केली की म्हणत, “रुसलेल्या माणसाला ओढून जेवायला बसवता येत नाही.” तेविसाव्या दिवशी पिस्टन बोटभर सरकले.

बाकीचे काम गावात होण्यासारखे नव्हते. इंजिन उतरवले, टेम्पोत घातले आणि आम्ही नगरला निघालो. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वाहणाऱ्या गाडीचे इंजिन टेम्पोत बसून निघाले, याचे आण्णांना भारी हसू आले. नगर-मनमाड रस्ता तुम्हांला ठाऊक असेल. नसेल तर तुमचा पाठीचा मणका सुखरूप आहे! राहुरी गेली, कृषी विद्यापीठ गेले, देहरे गेले. विळद घाट लागला तेव्हा आण्णा खिडकीला सरसावून बसले. हा घाट तसा घाटाच्या नावाला लाज आणणारा. आजची गाडी तो चढला हेही लक्षात ठेवीत नाही. पण भरल्या फारगूला इथे पाणी प्यायला उभे राहावे लागे. आण्णा कुठे गिअर बदलायचा, कुठे रेडिएटरचे झाकण ओल्या पोत्याने उघडायचे, ते सांगत होते. त्यांचा डावा हात त्या वेळी नसलेल्या गिअरवर आपोआप जात होता, हे मी पाहिले.

नगरच्या गॅरेजांच्या गल्ल्यांत फिरावे तर लष्करातून निवृत्त झालेल्या मिस्त्र्याबरोबर. आम्हांला असे एक गृहस्थ भेटले. जो भाग बाजारात मिळत नाही तो लेथवर बनतो, हा त्यांचा सिद्धांत. किंगपिनच्या बुशी त्यांनी गनमेटलच्या बनवून घेतल्या, ब्रेकचे सिलिंडर आतून होन केले, पिस्टनच्या रिंगा दुसऱ्याच जातीच्या इंजिनाच्या शोधून बसवल्या. पैशांची गोष्ट निघाली की ते आण्णांशी जुन्या गाड्यांबद्दल बोलायला लागत, आणि बिल आपोआप उतरे.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही छावणीतले रणगाड्यांचे संग्रहालय पाहिले. ते फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू झाले. सुमारे 50 चिलखती वाहने तिथे रांगेने उभी आहेत: इंग्रजांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर चिलखत चढवलेली गाडीही तिथे आहे. मुले पॅटनपाशी गर्दी करतात; आण्णा त्या रोल्सपाशी पाऊण तास उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “रंग चांगला ठेवलाय. पण यांना चालवतं कोण?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांलाही पुढे द्यावे लागले. इंजिन बसले, पेट्रोल घातले, आणि पंपातला रबरी पडदा महिनाभरात फुगला. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. हे इथेनॉल येते कुठून? मोठा वाटा साखर कारखान्यांचा! सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 साली आमच्या शेजारी लोणीला रोवली, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? आण्णा म्हणाले, “आपलाच ऊस आपल्याच गाडीच्या घशाला लागला.” इथेनॉल सोसणारा पडदा बसवला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आण्णांनी पायाने स्टार्टर दाबला. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा बोलली. आई शेणाने सारवत होती. ती तशीच भरल्या हातांनी दारात आली. चुलतेही आले. वाटणीनंतर ते आमच्या अंगणात प्रथमच उभे होते.

आता राहिला कायदा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली नियम केले. नवी नोंदणी वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, नोंदणीची मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शनाला, संशोधनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला किंवा पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच. शिवाय नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी, आणि आमची जन्माची हमाल! मी म्हटले, “आण्णा, अर्ज करून पाहू.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मिरवायला नाही काढली ती. मळ्यात चालव. आपल्या रस्त्यावर कोणाची परवानगी लागत नाही.”

म्हणून फारगू सध्या विहिरीपासून खळ्यापर्यंत जाते. शेणखत नेते, घास आणते. आण्णांचा हात आता थरथरतो, त्यामुळे स्टिअरिंगला मी असतो आणि ते शेजारी बसून आवाज ऐकतात. माझ्या मुलीने एका वहीत त्यांचे सांगणे उतरवून ठेवायला घेतले आहे: आटा कुठे उलटा, धन टोक कुठे, झाकण कधी उघडायचे नाही. वही अर्धी भरली आहे. गाडीचे पत्रे अजून पन्नास वर्षे टिकतील. वहीची घाई आहे ती दुसऱ्या कारणाने.

नगरला याल तेव्हा रणगाडे जरूर पाहा, आणि मग तासभर गॅरेजांच्या गल्लीतही फिरा. तिथे लेथवर वाकलेली म्हातारी माणसे अजून आहेत. आणि तुमच्याही पडवीत असे काही पेंढ्यांखाली पडले असेल, तर भंगारवाल्याला भाव विचारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला एवढेच विचारा, की हिचा नट कोणत्या बाजूला फिरतो.