जुन्या पोर्शेतला गारवा उतरवताना

१/ जुनी पोर्शे ९११ हलकी करायला निघालेल्या मालकाची नजर बहुधा आधी वातानुकूलन यंत्रणेवर पडते. कॉम्प्रेसर मागे इंजिनालगत, गारवा देणारा भाग पुढे. दोहोंना जोडणाऱ्या नळ्या गाडीच्या लांबीभर धावतात. जुन्या रबरातून वायू झिरपत राहतो आणि गारवा हळूहळू आटतो.

२/ मात्र पाना लावण्यापूर्वी आत किती वायू उरला आहे, हे पाहणे अगत्याचे. १९७० व १९८० च्या दशकांतील या गाड्यांत आर-१२ भरलेला असे. तो पेट घेत नाही, विषारीही नाही. म्हणूनच तो निर्धोक मानला गेला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी अशा वायूंपासून ओझोनच्या थराला असलेला धोका मांडला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले. अमेरिकेत तो जाणूनबुजून हवेत सोडण्यास १९९२ पासून मनाई आहे.

३/ म्हणून आधी वायू यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये साठवायचा. मग पट्टा, कॉम्प्रेसर, नळ्या. इंजिन मागे असलेल्या या गाडीचा मागचा भार त्याने थोडा उतरतो. घाईने कापलेल्या नळीतून सुटलेला आर-१२ मात्र सुमारे १०० वर्षे वातावरणात राहतो.